मंगळाच्या पाटाला पाणी

७ जुलै २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. खरे तर एक जानेवारीलाच सुरू करणार होतो. पण बियाण्याच्या दुकानात मिळालेली ही डायरी बायकोने, मनकर्णाने, कोठीच्या लंगड्या पायाखाली टेकण म्हणून घातली होती. काल कोठी हलवली तेव्हा सापडली. आता कोठीखाली वीट आहे आणि मी लेखक आहे.

संकल्प:

एक. रोज पहाटे दोन किलोमीटर चालणे.

दोन. ‘सूर्यमालेत आपण एकटेच आहोत काय?’ हे व्याख्यान पंधरा ऑगस्टच्या आत लिहून पूर्ण करणे. एक तासाचे. कवितांसह.

तीन. पृथ्वी सोडून, पण आपल्याच सूर्याच्या अंगणात, कुठेतरी जीव आहे याचा पक्का पुरावा निघाला की तो घेऊन बिभीषणच्या वस्तीवर जाणे. तो त्याच्या पुढ्यात ठेवणे. काही न बोलता ठेवणे. तोपर्यंत त्याचे तोंड पाहणे नाही.

आज चालणे झाले नाही. संकल्प लिहिण्यात वेळ गेला.


८ जुलै, मंगळवार

बिभीषणचे प्रकरण एकदा लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

आम्ही दोघे एका बाकावरचे. बाक कसला, तरट. पाचवीत आमच्या गुरुजींनी सांगितले होते की मंगळावर कालवे आहेत असे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले आहे, आणि कालवे आहेत तर ते खणणारेही असणार. मला त्या रात्री झोप नाही. सकाळी आठ ओळींची कविता करून वर्गात म्हटली. चालीवर. आम्हाला त्या वेळी सगळ्याच कविता चालीवर होत्या, आणि म्हणून त्या मेल्या नाहीत. आताच्या मुलांना कविता मोबाईलवर ऐकू येते आणि तोंडाला येत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी गुरुजींनीच पेपर वाचून दाखवला. अमेरिकेच्या यानाने मंगळाचे फोटो काढले. कालवे नाहीत. खड्डे आहेत. मग बिभीषण उठून म्हणाला, गुरुजी, त्यांचं बी आपल्या पाटासारकंच असंल. खनून ठेवलाय, पानी न्हाई.

अख्खा वर्ग हसला. गुरुजीसुद्धा.

जुलै १९६५. या महिन्यात बरोबर साठ वर्षे होतात. मी ते विसरून गेलो आहे.

दुसरे हसणे मात्र विसरण्यासारखे नाही. दोन वर्षांपूर्वी, एका दशक्रियेला. गावातली दशक्रिया म्हटली की श्रद्धांजलीची दोन शब्दांची भाषणे होतात, आणि शिक्षक म्हणून माईक माझ्याकडे येतोच. माणूस जातो कुठे, असा विषय निघाला, म्हणून मी गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्राकडे वळलो. वर जाड बर्फ, खाली समुद्र, पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावे असा अंदाज. तिथे जीव असू शकेल. वीस मिनिटे झाली असतील. तेवढ्यात समोरून बिभीषण म्हणाला, गुरुजी, तिथं पन दोन मान्सं असतील तर त्यान्लाबी बोलू द्या की.

दशक्रियेत माणसे हसली. मयताचा मुलगा, डोके भादरलेला, तोसुद्धा हसला.

आणि ‘गुरुजी’ म्हणाला. जन्मभर मला कानिफ्या म्हणणारा एकटाच माणूस तो. त्या दिवशी गुरुजी म्हणाला.

तेव्हापासून अबोला. अबोला त्याने धरला नाही, मी धरला आहे. कोणीतरी धरायला हवा होता.


१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. चार पिढ्या हाताखालून गेल्या. ओसरीत सतरंजी टाकून, पेढे ठेवून बसलो. दुपारी एक ट्रॅक्टर थांबला. चालवणारा खाली उतरून पाया पडला आणि म्हणाला, गुरुजी, वाळू टाकायचीय ते घर हेच का?

बाकीचे विद्यार्थी लाजाळू आहेत. मीच तसे वळण लावले.

पेढे दोन खाल्ले. साखर उद्यापासून बंद.


१५ जुलै, मंगळवार

मनकर्णा दळण घेऊन आली ती तोंड पाडून. गिरणीत बनुबाई भेटली होती. बनुबाई म्हणजे बिभीषणची बायको. बिभीषणच्या पायांवर सूज होती, नगरला दाखवले, दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. बनुबाई म्हणाली म्हणे, वैनी, गुरुजीन्ला एकदा पाठवा. ह्यान्ला बोलायला कोन न्हाई. पोरं येत्यात, डबा ठिवत्यात, जात्यात.

ओढ्यापलीकडे वस्ती. दोन किलोमीटर. रोजच्या चालण्याचे अंतर तेवढेच ठरवले आहे, हा योगायोग.

जायला हवे. पण रिकाम्या हाताने गेलो तर तो म्हणणार, काय गुरुजी, घावलं का कोनी? आणि मी काय सांगू? आजारी माणसापुढे हरलेले तोंड घेऊन जाणे बरे नव्हे, त्याने त्याची तब्येत आणखी बिघडेल. पुरावा येऊ दे. सध्या विज्ञान इतके जोरात आहे की महिना-दोन महिन्यांचा प्रश्न.


२४ जुलै, गुरुवार

व्याख्यानाची प्रस्तावना पूर्ण. प्रस्तावनेत माझे बालपण आले आहे. ग्रह अजून यायचे आहेत.

युरोपावर चार ओळी झाल्या:

बर्फाची ओढून शाल, निजलीस का गं बाळे,
पोटात तुझ्या समुद्र, त्यावरती हिमाचे टाळे,
दारावर टकटक करतो, शेवगाव तालुक्यातून,
कोणी असशील तर बोल, नसशील तरी ये उठून.

तिसऱ्या ओळीला आवाज खाली घ्यायचा. मनकर्णाला म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, नसंल तर उठंल कशी? गद्य स्वभाव. पन्नास वर्षे झाली, बदलला नाही.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर हायस्कूलच्या मैदानावर व्याख्यान. एक तास मागितला होता. सरपंचाचे भाषण, दहावीच्या मुलींचा सत्कार, वृक्षारोपण यातून मला सहा मिनिटे मिळाली. त्यातली चार प्रस्तावनेत गेली.

तरी युरोपापर्यंत पोचलो. दुप्पट पाणी म्हटल्याबरोबर सभेत हालचाल झाली. पुष्पावती नावाची म्हातारी, मागे नातवाला न्यायला आली होती, ती उठून म्हणाली, गुरुजी, मग ते पानी हिकडं कवा यायचं? टँकर तर चैतात बंद केला. एका मुलाने विचारले, तिथे ऊसतोडीला जावे लागते का? मी म्हणालो, तिथे ऊस नाही. तो म्हणाला, मग चांगलं हाय.

शास्त्रीय जिज्ञासा जागी झाली. हेच तर हवे होते.

विज्ञानाच्या पंकजा मॅडम नंतर म्हणाल्या, गुरुजी, ‘जीव आहे’ असे नका सांगू, ‘असू शकेल’ असे सांगा. मी म्हणालो, कवितेत ‘शकेल’ बसत नाही.

वाल्मिक, बिभीषणचा थोरला, गर्दीत होता. बापाला तो दादा म्हणतो. म्हणाला, दादा इचारत हुते, गुरुजी आज बोलनार का. आलं असतं, पन उभं ऱ्हावना.

पाहिले? माझे भाषण चुकल्याचा सल आहे त्याला. टिंगलीची संधी गेली.


११ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ७

आला. पुरावा आला.

पेपरात पान सात, खालच्या कोपऱ्यात. मंगळावरच्या गाडीने तिथल्या जुन्या कोरड्या नदीपात्रात एक दगड तपासला आहे, त्यावर बिबट्यासारखे ठिपके. असले ठिपके पृथ्वीवर बहुधा सूक्ष्म जीवांमुळे पडतात. नदीपात्र. म्हणजे मंगळाच्या पाटाला पाणी होते. खड्डे, म्हणे. कोण हसले होते?

एवढी बातमी पान सातवर, आणि पान एकवर कुणाच्या तरी वाढदिवसाची जाहिरात. या देशाचे काही खरे नाही.

दुपारी शेवगावला जाऊन कात्रणाचे लॅमिनेशन करून आणले. लॅमिनेशनवाला म्हणाला, आजोबा, मागच्या बाजूला म्हशी विकण्याची जाहिरात आहे, ती पण दिसेल, चालेल ना? म्हटले, चालेल. पुरावा एका बाजूनेच वाचायचा असतो.

उद्या सकाळी वस्तीवर. पांढरा सदरा काढून ठेवला आहे. काही बोलणार नाही. कात्रण पुढ्यात ठेवणार, पाणी मागणार. तो वाचेल. मग ‘कानिफ्या’ म्हणेल. मग मी बसेन.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

निघालो होतो. खरोखर निघालो होतो. स्टँडवर पंकजा मॅडम एसटीची वाट पाहत होत्या. कात्रण दाखवले. त्यांनी मोबाईलवर मूळ इंग्रजी बातमी काढली आणि वाचून सांगितली. पुरावा असे म्हटलेलेच नाही. ‘जीवाची संभाव्य खूण’ असे म्हटले आहे. म्हणजे गुरुजी, म्हणाल्या, असेलही, नसेलही. जीव नसतानाही नुसत्या रसायनांनी तसे ठिपके पडू शकतात. दगड पृथ्वीवर आणून तपासल्याशिवाय खात्री नाही.

कधी आणणार, विचारले. म्हणाल्या, त्याचे काही सांगता येत नाही.

‘संभाव्य’ घेऊन बिभीषणकडे कसे जाणार? साठ वर्षे थांबलो आणि ‘असेलही’ घेऊन जायचे?

ओढ्यापासून परत फिरलो. एका परीने चालणे झाले. संकल्प एक पूर्ण.


१६ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस पाऊस कोसळतोय. आपल्या भागात असा पाऊस कोणी पाहिलेला नाही. तुरी पाण्यात, कपाशी पाण्यात. ओढा दुथडी. जाण्याचा प्रश्नच उरला नाही. मन हलके झाले.


२३ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा पूर. लोकांच्या शेतातली माती वाहून गेली, खाली खडक उघडा पडला. मनकर्णा म्हणाली, तुमचा मंगळ बगायचा आसंल तर मळ्यात चला.

तिच्यात काव्य आहे. उशिरा आले.


२९ सप्टेंबर, सोमवार

ओढा उतरला. वस्तीचा रस्ता चिखलाचा. त्याच रस्त्याने वाल्मिक मोटारसायकलवर मागे बसवून बापाला डायलिसिसला नेतो म्हणे, पोत्याने पाठीशी बांधून. पण बिभीषण बसून जातो. मला पायी जायचे आहे. फरक आहे.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

संध्याकाळी वाल्मिक सोने द्यायला आला. आपट्याची पाने माझ्या हातात ठेवून पाया पडला. ही माझी, म्हणाला. मग खिशातून आणखी एक पान काढले. वेगळे ठेवले होते, रुमालात. हे दादान्नी दिलंय. म्हनले, कानिफ्याच्या हातात दे, घरात ठिवू नको.

कानिफ्या.

मनकर्णा चुलीपुढून उठून दारात आली. म्हणाली, आता तरी जाल ना. मी म्हणालो, सोने देणे म्हणजे काय ते तुला कळत नाही. लहान मोठ्याला देतो. त्याने मान्य केले आहे. आता फक्त तोंडाने म्हणायचे राहिले आहे, ते म्हणू दे, मग जाऊ. ती म्हणाली, डायलिसिसच्या मान्साकडनं तोंडानं काय काय वदवून घेताय.

वाल्मिकला चहा दिला. तो पिऊन जरा वेळ बसला, दाराकडे बघत. दादान्ला काय सांगू, म्हणाला. म्हटले, सांग, शुभेच्छा दिल्या.

पान संदर्भासाठी या डायरीत ठेवले आहे.


५ ऑक्टोबर, रविवार

शनीच्या एका चंद्रातून पाण्याची कारंजी उडतात. जुन्या यानाने त्यातले बर्फाचे कण गोळा केले होते, ते आता पुन्हा तपासले तर त्यात जीवाला लागणारी आणखी संयुगे निघाली. बातमी पक्की. पंकजा मॅडमना विचारलेच नाही. मग न राहवून फोन केला. म्हणाल्या, गुरुजी, विटा सापडल्या म्हणजे घर सापडले असे नाही.

या बाईंचे विज्ञान फार चांगले आहे. माणूस म्हणून उपयोग नाही.


२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

मनकर्णाला भाऊ नाही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती बिभीषणला ओवाळते. गेली दोन वर्षे मी अडवले होते. अडवले म्हणजे नुसते म्हणालो होतो. या वेळी तिने विचारलेच नाही. तबक, करंज्या, रिक्षा. गेली.

तीन तासांनी आली. तबक धुऊन फळीवर ठेवले. मग मी सहज विचारले. म्हणाली, वळखलं मला, पन डोळ्यांनी न्हाई, बांगड्यांच्या आवाजावरनं. हात असा झालाय, काटकी. करंजी तोंडाला लावली, खाल्ली न्हाई. म्हनला, वैनी, कानिफ्या कुटंय? म्हनलं, घरी हायत, वाचत्यात. म्हनला, घावलं का कोनी?

पाहा. मरणाच्या दारात टिंगल.

मनकर्णा म्हणाली, टिंगल न्हवती वो ती. त्याला खरंच ऐकायचं हुतं. म्हनला, मी इथं पडूनपडून ह्या पत्र्याकडंच बगतोय, वर कोन हाय कळलं तर बरं.

तिला बिभीषणच्या बोलण्यातली खोच कळत नाही. तिला अबोल्याचा दोन वर्षांचा अनुभव कमी आहे.

तरी जायला हवे. आता पुराव्याची वाट नाही पाहायची. असेलही-नसेलही जे काय आहे ते सगळे सांगायचे. मंगळाचा ठिपक्यांचा दगड, युरोपाकडे निघालेले यान, ते २०३० साली पोचेल. पहिल्यापासून नीट सांगायचे. त्याला बोलायला कोणी नाही, मला ऐकायला. त्यासाठी आधी टिपण काढतो.


२७ ऑक्टोबर, सोमवार

टिपण बारा पानी झाले. आजारी माणसाला बारा पाने जड. चार पानी करतो.


१ नोव्हेंबर, शनिवार

चार पानी केले. मजा गेली. कविता परत घातल्या. नऊ पाने.

गावात शुकशुकाट. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळी उरकून कारखान्यांना गेल्या. घरोघर म्हातारी माणसे आणि कुत्री. अशा वेळी गुरूच्या चंद्रावरून कोणी आपल्या गावाकडे दुर्बीण लावली तर तो लिहील: जीवाची संभाव्य खूण.


८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या नक्की. रविवार आहे, डायलिसिस नसते.


९ नोव्हेंबर, रविवार

चष्म्याची काडी तुटली. न वाचता सांगणे मला येते, पण आकडे चुकले तर बिभीषण धरतो. बुधवारी शेवगावला जाऊन काडी बसवणार. गुरुवारी वस्तीवर.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

काडी बसवून आणली. सकाळपासून पोटात गडबड. भीती नव्हे, भजी. सोमवारी.


१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९

सदरा घातला. नऊ पाने पिशवीत, कात्रण पिशवीत. चष्मा डोळ्यांवर. दाराला कडी लावत होतो तर आदिनाथ सरपंचाची स्पीकरची रिक्षा आली. गावात सगळीकडे फिरून सांगत होती. आधी नाव नीट ऐकू आले नाही. मग आले.

पहाटे पाचला गेला.


१७ नोव्हेंबर. संध्याकाळ

वस्तीवर जाऊन आलो. दोन वर्षांनी. पिशवी घेऊनच गेलो, ठेवायला सुचले नाही. लोक सरपण रचत होते. मी लिंबाखाली उभा राहिलो. कोणी माईक आणला नव्हता, ते बरे झाले. पायी जायला पंचवीस मिनिटे लागली.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दशक्रिया २६ ला. वाल्मिक निरोप द्यायला आला होता, श्रद्धांजलीला गुरुजी तुमीच बोला. बोलणार. नऊ पाने बाजूला ठेवली. नवे लिहितो आहे. यात ग्रह नाहीत, फक्त बिभीषण. तरट, पाट, सगळे. हे भाषण असे करीन की गावाच्या लक्षात राहील. साठ वर्षांचे एका भाषणात फेडायचे.


२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४

ओढ्याकाठी महादेवाच्या देवळापाशी दशक्रिया झाली. प्रवचन झाले. पिंड ठेवले. सगळे मागे सरकून बसले.

कावळा येईना.

समोरच्या बाभळीवर दोन बसले होते. पाहत होते. खाली उतरत नव्हते. अर्धा तास गेला. कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याच्या मनात काहीतरी राहिले. मग पद्धतीप्रमाणे एकेक जण पुढे येऊन कबूल करू लागला. धाकटा म्हणाला, दादा, आईला मी सांभाळीन. कावळे बसून. पुतण्या म्हणाला, दादा, बांध कोरनार न्हाई. कावळे बसून. उन्हं वर आली. लोक घड्याळे बघू लागले.

मागून कोणीतरी म्हणाले, गुरुजींचा आन् त्यांचा वाद हुता. वर कोन हाय का न्हाई त्याचा. त्यातच जीव आडाकला आसंल.

सगळे माझ्याकडे वळले. वाल्मिक जवळ आला, हात जोडून, म्हणाला, गुरुजी, एकदा म्हना. दादा म्हनत हुते तेच बरुबर, एवढंच म्हना.

मी उठलो. माईक प्रवचनकारांच्या हातात होता, त्यांनी पुढे केला. घेतला नाही. जन्मात पहिल्यांदा घेतला नाही. पिंडापुढे गेलो, हात जोडले आणि म्हणालो, बिभीषणा, वर कोणी नाही. मंगळावर नाही, युरोपावर नाही, कुठेच नाही. पाट कोरडा होता. तू म्हणालास तेच खरे.

साठ वर्षांत मी काही एवढे थोडक्यात बोललो नव्हतो. मी बाभळीकडे पाहत होतो. माझी खात्री होती. शब्द संपला की तो उतरणार.

एका कावळ्याने मान वळवून पंखाखाली चोच घातली.

मी तसाच उभा राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. मग वाल्मिकने माझ्या खांद्याला धरून हळूच बाजूला केले, आणि बायकांच्या मागे, अगदी शेवटी, आरती उभी होती, बिभीषणची लेक, तिच्याकडे पाहून मोठ्याने म्हणाला, दादा, आरतीचं माहेर तोडनार न्हाई. दर भाऊबिजेला मी सोता आनायला जाईन.

दोन्ही कावळे एकदमच उतरले. कोणी नीट मागे सरकायच्या आत पिंड फोडला.

आरतीला दोन वर्षांपासून माहेरी आणत नव्हते म्हणे. का, ते मला माहीत नाही. त्या घरातले दोन वर्षांतले मला काहीच माहीत नाही. बिभीषणच्या मनात काय अडकले होते ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होते, फक्त कोणी बोलत नव्हते. आणि वादाचे सुचवणारा कोण होता ते आता कोणालाच आठवत नाही.

श्रद्धांजली झाल्या नाहीत. उशीर झाला होता, लोक जेवायला उठले. भाषण खिशात राहिले.

पंगतीत बनुबाई मीठ वाढायला आली. मी म्हणालो, यायचे होते, बनुबाई, त्या सोमवारी निघालोच होतो. ती म्हणाली, व्हय, भाऊबिजेपातुर लई इचारायचे. गाडी वाजली की कानिफ्या आला का बग म्हनायचे. मग न्हाई इचारलं. मग एकदा मीच म्हनलं, बलावू का गुरुजीन्ला, तर म्हनले, कोन गुरुजी?

मीठ वाढून पुढच्या पानाकडे गेली. रागावलेली नव्हती.

डोळे गेले होते, स्मरण गेले असेल. शरीरातली घाण वाढली की तसे होते, पंकजा मॅडमना विचारायला हवे. किंवा चेष्टा असेल.

घरी आलो. मनकर्णाचा गुडघा धरला आहे, ती आली नव्हती. म्हणाली, कावळा शिवला का? म्हटले, शिवला. म्हणाली, लवकर शिवला? म्हटले, आरतीचे नाव काढल्याबरोबर.

माझे सांगितले नाही. उद्या कोणीतरी सांगेलच.